हिरडीतलं रक्त आणि अंगातली साखर

ज्यांना ऐकायला जमत नाही, गाडीत ज्यांची रेंज जाते किंवा ज्यांना घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवायचं असतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे इकडेतिकडे झालं ते सरळ केलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे हिरड्या. म्हणाल, यात काय एवढं? पण भुसावळात, यावल-रावेरात, अगदी धुळ्यापर्यंत कुठल्याही घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता वय झालं, दात हलणारच." पन्नाशीच्या बाईने हे म्हटलं तरी कोणी हटकत नाही. आधी ती ऊस सोडते, मग भाजलेले शेंगदाणे, मग कळण्याची भाकरी. शेवभाजीच्या रश्श्यात भाकरी कुस्करून खायला लागते. एक दात पडतो, मग दुसरा. घरचे म्हणतात, कवळी करून घेऊ.

याच बाईला बऱ्याचदा शुगरही असते. गोळी चालू असते, पथ्य बरं असतं, तरी रिपोर्ट काही खाली येत नाही. डॉक्टर गोळी वाढवतात. दात पडताहेत ती एक गोष्ट आणि साखर चढतेय ती दुसरी गोष्ट, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो आणि त्यावर इलाज आहे, एवढंच आज सांगायचंय. सावकाश समजून घेऊ.

खडी वाहून गेली तर रूळ काय करणार?

भुसावळच्या माणसाला रेल्वेचं उदाहरण दिलं की पटकन कळतं. रूळ दणकट असतात, स्लीपर पक्के असतात. पण स्लीपरच्या खालची आणि बाजूची खडी पावसात वाहून गेली तर? रूळ शाबूत असूनही गाडी गेली की रस्ता हलतो. दाताचं तसंच आहे. दात जबड्याच्या हाडात बसलेला असतो आणि बारीक तंतूंनी हाडाला बांधलेला असतो. वरून हिरडीची कॉलर असते. दात किडला तर दुखतो, म्हणून आपण डॉक्टरकडे पळतो. पण हाड झिजायला लागलं तर बहुतेक वेळा दुखतच नाही. दात वरून पांढराशुभ्र असतो आणि खालची खडी निघून चाललेली असते.

ही खडी कोण नेतं? सुरुवात होते दातांवरच्या चिकट थरापासून. सकाळी उठल्यावर जीभ दातांवर फिरवली की जो बुळबुळीतपणा लागतो, तो हा थर. त्याला प्लाक म्हणतात. हे जंतूंचं राहतं घर असतं. ब्रशने ते रोज मोडता येतं. रोज मोडलं नाही तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि काही दिवसांत ते दगडासारखं घट्ट होतं. आपण त्याला कीटण म्हणतो, डॉक्टर टार्टर म्हणतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यात आधी जमतं, कारण तिथेच जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं उघडतात. कीटण एकदा घट्ट बसलं की घरच्या ब्रशने निघत नाही, कितीही घासा.

या थराला हिरडी उत्तर देते. शरीर तिथे रक्त वाढवतं, पांढऱ्या पेशी पाठवतं. हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. या पहिल्या पायरीला जिंजिवायटिस म्हणतात. इथे हाड अजून सुरक्षित असतं.

मात्र हे असंच महिनोन्महिने चाललं, तर काही जणांत सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते आणि दात व हिरडी यांच्यात खळगा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. ४ किंवा त्याहून जास्त झाली की डॉक्टर सावध होतात, ६ च्या पुढे गेली की प्रकरण गंभीर. त्या खळग्यात ब्रश पोचत नाही, तिथे प्राणवायू कमी असतो आणि तशाच जागेत वाढणारे जंतू तिथे मजेत राहतात. त्यांच्याशी लढताना आपलंच शरीर आजूबाजूचं हाड विरघळवायला लागतं. ही झाली दुसरी पायरी, पेरिओडोन्टायटिस. आपल्याकडे जुना शब्द आहे पायरिया.

पहिली पायरी पूर्ण मागे फिरते. दुसरी थांबवता येते, पण गेलेलं हाड सहसा परत येत नाही. म्हणून सगळी मेहनत पहिल्या पायरीवरच करायची असते.

तीन आठवडे ब्रश केला नाही तर

हे कोणी सिद्ध केलंय का, असं विचाराल. केलंय. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहुस इथे हॅराल्ड लो या दंतसंशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा नीट दात घासायला लावले, तर साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. ना औषध, ना इंजेक्शन.

याच लो यांचा दुसरा अभ्यास आपल्या शेजारचा आहे. श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० मजुरांच्या तोंडाची त्यांनी १९७० पासून पुढची पंधरा वर्षं पुन्हा पुन्हा तपासणी केली. या मजुरांना ना ब्रश माहीत होता, ना दातांचा डॉक्टर. कीटण जवळजवळ सगळ्यांच्या दातांवर होतं. पण सुमारे ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने झिजलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांची हिरडी सुजलेली राहिली तरी आजार पुढे सरकलाच नाही.

म्हणजे घाण सारखी असली तरी नुकसान सारखं होत नाही. म्हणून "आमच्या आजोबांनी आयुष्यभर राखुंडी लावली, त्यांचे बत्तीस दात शाबूत होते" हे वाक्य खरंही असू शकतं. आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील. नातू कुठल्या गटातला आहे ते आधी कळत नाही. पण त्याला वाईट गटाकडे ढकलणाऱ्या दोन गोष्टी पक्क्या माहीत आहेत: एक तंबाखू आणि दुसरी वाढलेली साखर. आपल्या भागात दोन्हींचा तुटवडा नाही.

मिश्रीचं गुपित

तंबाखू म्हटलं की डोळ्यांपुढे चौकातला माणूस येतो, तळहातावर चुना मळणारा. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून दाढेत बार धरणारा. पण घरात, मोरीजवळ, पहाटे चुलीसमोर बसून मिश्री लावणारी बाई कोणी तंबाखू खाणाऱ्यांत मोजत नाही. ती स्वतःही मोजत नाही. "मी कुठे तंबाखू खाते? मी तर दात घासते."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या लाखभर ग्रामस्थांची पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. मिश्री ही प्रामुख्याने बायकांची सवय आहे, हे तेव्हाच नोंदलं गेलं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते, आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरत होते. म्हणजे आपल्याकडचा तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडात धरण्याचा आहे.

केंद्र सरकारने १९९२ मध्येच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कुठला कायदा अडवणार?

आता गुपित सांगतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे स्पष्ट दिसलंय की आतून हाड झिजत असतं, पण हिरडीतून रक्त कमी येतं. म्हणजे धोक्याची घंटाच बंद पडते. मिश्रीतही तेच निकोटिन आहे. म्हणून "मिश्री लावली की हिरडी घट्ट राहते, रक्त येत नाही" हा अनुभव खोटा नसेलही. पण सिग्नलचा लाल दिवा काढून टाकल्याने पुढचा रूळ दुरुस्त होत नाही. शिवाय मिश्री किंवा बार जिथे रोज धरला जातो, तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, गार-गरम झोंबायला लागतं. त्यावर पुन्हा मिश्रीच लावली जाते, कारण तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

सोडायला सांगितलं की बायका म्हणतात, "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं." हे नखरे नव्हेत. निकोटिनची सवय सुटताना असा त्रास होतोच. म्हणून रागावून डबी फेकून देऊ नका. दिवसातून चारदा असेल तर तीनदा, मग दोनदा असं उतरवा, आणि लागेल तिथे मदत घ्या. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे १८००-११-२३५६. फोन करायला संकोच वाटत असेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलीने लावून द्यावा.

साखर आणि हिरडी: दुतर्फा वाहतूक

आता मुख्य मुद्दा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज त्यात आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. इतक्या लोकांचे डोळे तपासावेत, पाय तपासावेत, किडनी तपासावी, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. मात्र तोंड उघडायला सहसा कोणी सांगत नाही. लो यांनीच १९९३ मध्ये हिरडीच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं.

साखर हिरडीला कशी बिघडवते? रक्तात साखर जास्त राहिली की पांढऱ्या पेशी मंदावतात, जखम भरायला वेळ लागतो, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. लाळ कमी होऊन तोंड कोरडं पडतं, त्यामुळे थर लवकर चिकटतो. साखर ताब्यात नसलेल्या माणसाला हिरडीचा गंभीर आजार होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट-तिप्पट असते. ज्याची साखर ताब्यात आहे त्याचा धोका बराच कमी होतो, हेही लक्षात ठेवा.

आता उलट दिशेने बघू. सगळ्या दातांभोवती सुजलेल्या खळग्यांचं आतलं अस्तर एकत्र पसरलं, तर गंभीर आजारात ते जवळपास तळहाताएवढं भरू शकतं. हाताच्या तळव्याएवढी उघडी, पू धरलेली जखम पायावर असती तर आपण दोन वर्षं घरी बसलो असतो का? पण ती तोंडात आहे, हिरडीखाली आहे, दिसत नाही. तिथून सूज वाढवणारी रसायनं रक्तात जात राहतात. ही रसायनं इन्सुलिनच्या कामात खोडा घालतात. इन्सुलिन असतं, पण पेशी त्याचं ऐकत नाहीत. साखर चढते. चढलेली साखर पुन्हा हिरडी बिघडवते. असं हे चक्र फिरत राहतं.

मग हिरडी दुरुस्त केली तर साखर उतरते का? याचं उत्तर आता बऱ्यापैकी भरवशाने देता येतं. अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून पारखणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये ३५ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात तीन हजारांहून जास्त रुग्ण होते. हिरडीखालचं कीटण नीट साफ केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे आपण ज्याला तीन महिन्यांची साखर म्हणतो, ती सरासरी ०.४३ ने उतरली होती. ज्यांचा वर्षभर पाठपुरावा झाला, त्यांच्यातही हा फायदा टिकलेला दिसला.

समजा, एखाद्याची तीन महिन्यांची साखर ८.२ आहे. हिरडीच्या उपचाराने ती ७.८ च्या आसपास येऊ शकते. हा आकडा छोटा वाटेल. गोळ्या बंद होतील असाही त्याचा अर्थ नाही, आणि कृपा करून कोणी तसं करू नका. पण मधुमेहात अर्ध्या-पाऊण आकड्यासाठी गोळ्या वाढवल्या जातात. त्यातला काही भाग दात साफ करून मिळत असेल आणि दातही वाचत असतील, तर तो का सोडायचा?

हृदयाचं काय?

व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरत असतो: "दात घासा, हार्ट अटॅक टाळा." इथे जरा दमाने घ्यायला हवं.

१९८९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना दिसलं की हृदयविकाराचा झटका आलेल्यांच्या दातांची अवस्था इतरांपेक्षा वाईट आहे. तेव्हापासून असे पुष्कळ अभ्यास झाले आणि संबंध दिसत राहिला. २००७ मध्ये लंडनमध्ये हिरडीचा गंभीर आजार असलेल्या १२० जणांवर चाचणी झाली. कसून उपचार केलेल्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचीकता सहा महिन्यांनी सुधारलेली दिसली. ही आशेची बाजू.

दुसरी बाजू अशी की तंबाखू, मधुमेह, गरिबी, वय या गोष्टी हिरडीही बिघडवतात आणि हृदयही. मग एकाने दुसरं झालं की दोन्ही तिसऱ्यामुळे झाली? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा तपासला. त्यांचं म्हणणं असं की संबंध आहे, पण हिरडीचा उपचार केल्याने हृदयविकार टळतो असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून छातीत दुखत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जाऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा. बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी दात साफ केले म्हणून सोडू नका.

एवढी सावधगिरी कशासाठी, तर इतिहासात याचा अतिरेक झालाय. १९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये भाषण केलं आणि तोंडातली घाण हे अनेक आजारांचं मूळ आहे असं ठासून सांगितलं. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत दात उपटण्याची लाटच आली. सांधे दुखतात, काढा दात. पोट बिघडलंय, काढा दात. अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात तर वेड बरं करायला रुग्णांचे दात काढले गेले. माणसं बोळकी झाली, आजार तिथेच राहिले. पुढे ही कल्पना इतकी बदनाम झाली की तोंडाचा आणि शरीराचा संबंध आहे म्हणणंच कित्येक दशकं मागे पडलं. आता तो संबंध पुन्हा अभ्यासला जातोय, पण मोजूनमापून.

हृदयाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र पक्की आहे. लहानपणी संधिवाताच्या तापाने ज्यांची झडप खराब झाली, ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे किंवा ज्यांच्या हृदयात जन्मतः दोष आहे, त्यांनी दाताचं काहीही करण्याआधी ते डॉक्टरला सांगायलाच हवं. हिरडीतून रक्तात गेलेले जंतू खराब झडपेवर घर करू शकतात. त्यांच्यातल्या काहींना उपचाराआधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका.

गरोदर बाई आणि अंथरुणावरचे आजोबा

गरोदरपणात हार्मोन बदलतात आणि हिरड्या पटकन सुजतात. घरच्या मोठ्या बायका सांगतात, पोटात बाळ असताना दाताला हात लावू नको. हा सल्ला आता मागे ठेवायला हवा. अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेली एक मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गरोदरपणात हिरडीचा उपचार केल्याने बाळंतपण अपुऱ्या दिवसांचं होणं टळलं नाही, पण उपचारापासून आईला किंवा बाळाला धोकाही दिसला नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात हिरडी साफ करून घेणं सगळ्यात सोयीचं. गरोदर आहात हे मात्र आधी सांगा.

दुसरं टोक म्हणजे अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा. लकवा झालेल्या माणसाच्या घशातून लाळ चुकून श्वासनलिकेत जाते आणि तिच्याबरोबर तोंडातले जंतू फुफ्फुसात उतरतात. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं पाहणी झाली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचं तोंड दर जेवणानंतर साफ केलं जात होतं, त्यांच्यातल्या ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. बाकीच्यांत हे प्रमाण १९ टक्के होतं. आपण आजोबांचं अंग पुसतो, कपडे बदलतो. मऊ ब्रशने किंवा ओल्या फडक्याने तोंडही साफ करा, कवळी रात्री काढून धुऊन ठेवा. या सगळ्या भागात इतक्या कमी खर्चात इतका फायदा देणारं दुसरं काही नाही.

नेहमी येणारे प्रश्न

*दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात ना?*
हा सगळ्यात मोठा गैरसमज. हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाने दात एकमेकांना सिमेंटसारखे धरून ठेवलेले असतात. कीटण काढलं की खरी परिस्थिती उघडी पडते. दातांमधली फट दिसते, गार पाणी काही दिवस झोंबतं. सूज उतरली की हिरडी पुन्हा दाताला धरते आणि थोडे हलणारे दात बऱ्याचदा घट्ट होतात.

*रक्त येतं म्हणून ब्रश बंद करू का?*
नाही. रक्त येतं तिथेच हळुवार पण नीट ब्रश फिरवायचा. रोज केलं तर एक-दोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं तर आत कीटण आहे असं समजा आणि दाखवा.

*कॅल्शियमच्या गोळीने दात घट्ट होतील?*
हिरडीच्या आजारात नाही. खालची खडी जंतू आणि सूज यांनी गेलेली असते, कॅल्शियम कमी पडल्याने नाही.

*कडुलिंबाची काडी चालेल का?*
कोवळी काडी नीट चावून मऊ कुंचला केला तर दातांचा पुढचा भाग साफ होतो. दातांच्या मधे आणि आतल्या बाजूला ती पोचत नाही. राख, विटेचा भुगा, कोळसा मात्र नकोच. त्याने दाताचा वरचा थर घासला जातो.

*हिरडी वाढून दातावर आलीय, रक्त फारसं नाही. हे काय?*
बीपीच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अॅम्लोडिपिनने, आणि फिट्सच्या फेनिटॉइनने काही जणांच्या हिरड्या वाढतात. गोळी स्वतः थांबवू नका. गोळ्यांची पट्टी दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

या आठवड्यात काय कराल?

रात्री झोपताना ब्रश करा. सकाळचा चुकला तर एक वेळ चालेल, पण रात्रीचा चुकवू नका. ब्रश मऊ घ्या, हिरडीच्या कडेला तिरका धरा, छोट्या हालचाली करा, दोन मिनिटं द्या. जोर लावू नका, आपण भांडी घासत नाही आहोत. पेस्ट फ्लोराइडची असू द्या. दातांमध्ये फटी असतील तर त्यात जाणारा छोटा ब्रश दुकानात मिळतो, तो वापरा. टाचणी, काडेपेटीची काडी नको.

घरात ज्यांना शुगर आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी हिरड्या तपासून घ्याव्यात. जाताना साखरेचा शेवटचा रिपोर्ट सोबत न्या. शुगरच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा सांगा, "हिरडीतून रक्त येतं, दात हलतात." हे दोन डॉक्टर सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्यातला निरोप तुम्हालाच न्यावा लागतो.

कुठे जायचं? रेल्वेच्या कुटुंबांनी आधी रेल्वे हॉस्पिटलमध्ये चौकशी करावी. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. धुळ्यात डेंटल कॉलेज आहे. कॉलेजच्या ओपीडीत शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण खर्च साधारण कमी येतो. कुठेही गेलात तरी एक प्रश्न नक्की विचारा: "माझ्या हिरडीतली फट किती मिलिमीटर आहे?" हा आकडा मोजायला बारीक खुणांची सळई लागते आणि पाच मिनिटं लागतात. साखरेसारखाच तो लिहून ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

आणि तंबाखू वापरणाऱ्यांनी आरशात तोंड उघडून बघा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर हिरडीचा विषय बाजूला ठेवून लगेच दाखवा. तो कॅन्सरचा किंवा त्याच्या आधीच्या टप्प्याचा इशारा असू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात १०० कोटींहून जास्त लोकांना हिरडीचा गंभीर आजार आहे. आपल्या हातात आपलं घर आहे. तेव्हा आज जेवताना घरातल्या मोठ्या बाईकडे जरा लक्ष द्या. ती भाकरी का कुस्करतेय, ते विचारा. "वय झालं" असं उत्तर आलं, तर हा भाग तिला वाचून दाखवा आणि पुढच्या आठवड्यातला एक दिवस तिच्यासाठी मोकळा ठेवा.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे पाठवा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या, भेटू या.